बयाण्याच्या आधी

एप्रिल-मेमध्ये वसमतच्या मोंढ्यातून हळदीच्या पट्ट्या निघायला लागल्या की आठ-पंधरा दिवसांत माझ्या दुकानातली समोरची खुर्ची रिकामी राहत नाही. सोसायटीचं भरून झालेलं असतं, खतवाल्याची उधारी मिटलेली असते आणि उरलेल्या पैशांत दारात चारचाकी उभी करायची असते. नवी घ्यायची तर हप्ता आला. हप्ता म्हटला की पुढच्या सालच्या हळदीवर भिस्त, आणि हळदीचा भाव कुणाच्या भिस्तीला कधी पुरलाय? म्हणून जुनी. कुणाला स्विफ्ट, कुणाला बोलेरो, कुणाला पोराच्या सोयरिकीआधी 'काहीबी, पण चार चाकं'. जुन्या ट्रॅक्टरचा व्यवहार तर बारमाही चालू असतो.

माझं काम आरटीओचं आणि विम्याचं. नाव चढवणं, बँकेचा बोजा चढवणं-उतरवणं, पत्ता बदलणं, पॉलिसी काढणं, हिंगोलीच्या परिवहन कार्यालयात फाइल पोचवणं. पाटीवर 'ऑनलाइन सेंटर' लिहिलंय, पण गावात मला एजंटच म्हणतात आणि त्यात काही खोटं नाही. गेल्या काही वर्षांत या कामाला एक शेपूट जोडलं गेलं. लोक गाडी घेण्याआधी नंबर घेऊन येतात आणि म्हणतात, "जरा टाकून बघा ना." आधी येतात ते थोडे. बहुतेक जण बयाणा देऊन, पेढे वाटून, लिंबू-मिरची बांधून मग येतात, आणि तेव्हा माझ्या हातात सांगण्यासारखं खूप असतं, करण्यासारखं काही उरलेलं नसतं.

मला यातली एक गोष्ट कधी कळली नाही. आमच्या तालुक्यातला माणूस वीस गुंठे जमीन घ्यायची म्हटली तर सातबारा काढतो, फेरफार बघतो, इतर हक्कात कुणाचं नाव आहे का ते तलाठ्याला विचारतो, शेजारच्या बांधकऱ्याला विचारतो, तरी त्याचं समाधान होत नाही. तोच माणूस चार लाखांची गाडी टपरीवर उभ्या उभ्या ठरवतो. बॉनेट उघडतो, इंजिनचा आवाज ऐकतो, टायरला लाथ मारतो आणि वीस हजार काढून देतो. गाडीलाही सातबारा असतो, त्यावरही फेरफार होतात, बोजे चढतात, हे त्याच्या डोक्यात येत नाही. कारण जमीन जागची हलत नाही आणि गाडी समोर चालून दाखवते. चालणाऱ्या वस्तूवर माणसाचा विश्वास लवकर बसतो.

हा सातबारा म्हणजे 'वाहन'. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रानं केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयासाठी बांधलेली ही नोंदवही. पूर्वी प्रत्येक आरटीओचं रजिस्टर वेगळं, नंतर प्रत्येकाचा संगणक वेगळा. परभणीची गाडी नांदेडात आली की मागची माहिती पत्रानंच मागवायची. आता सगळं एका जागी आलं, आणि त्यातला बराचसा भाग 'एम-परिवहन' या ॲपवर कुणालाही दिसतो: नोंदणीची तारीख, कितवा मालक, कुठलं कार्यालय, इंधन, बीएस-३ की बीएस-४, विमा कधीपर्यंत, पीयूसी कधीपर्यंत, फिटनेस, टॅक्स, कर्ज देणाऱ्याचं नाव, एनओसी निघाली आहे का, गाडी काळ्या यादीत आहे का. वरती ठळक अक्षरात 'ॲक्टिव्ह'.

गोंधळ या 'ॲक्टिव्ह'नंच होतो. लोकांना वाटतं, सरकारनं गाडी चांगली आहे म्हणून सांगितलं. त्याचा अर्थ एवढाच की या नंबरची नोंदणी रद्द झालेली नाही. गाडी विहिरीत पडलेली असली तरी कुणी जाऊन सांगेपर्यंत ती 'ॲक्टिव्ह'च. मी त्या शब्दाकडं बघतच नाही, तारखा बघतो. कुठल्या दोन तारखांमध्ये किती अंतर आहे आणि त्या अंतरात गाडी काय करत होती, हा माझा प्रश्न असतो.

एक उदाहरण सांगतो. गिरगावकडचे एक काका भाच्याला घेऊन आले. गाडी बघून ठेवलेली, बयाणा द्यायचा बाकी. एमएच १० ची, म्हणजे सांगलीची, २०१६ ची डिझेल गाडी. रंग असा की आरशाची गरज नाही. भाव बाजारापेक्षा चांगला पन्नास-साठ हजारांनी खाली. नंबर टाकला. बोजा नाही, काळ्या यादीत नाही, टॅक्स भरलेला, ॲक्टिव्ह. काका भाच्याकडं बघून हसले. मी म्हटलं, "काका, मालक तिसरा आहे, आणि विमा फक्त थर्ड पार्टी आहे. पॉलिसीचा कागद मागवा." भाच्यानं फोन करून व्हॉट्सॲपवर मागवला. आता विम्याच्या कागदात एक जागा असते, तिथं मागची पॉलिसी कधी संपली ते लिहिलेलं असतं. तिथं काहीच नव्हतं. मग त्याच्या मागचा कागद मागवला. तो यायला संध्याकाळ झाली. देणारा टाळाटाळ करत होता. पहिल्या मालकाची पूर्ण विम्याची पॉलिसी २०१९ च्या डिसेंबरात संपली होती आणि त्यानंतर २०२० च्या पावसाळ्यापर्यंत गाडीला विमाच नव्हता. दुसऱ्या मालकाच्या नावावर ती मधल्याच काळात चढलेली.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली होतं. गाडी बुडाली, दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा-किमतीच्या पाऊण हिश्शाच्या वर गेला, की विमा कंपनी तिला 'टोटल लॉस' धरते. मालकाला पैसे देते, गाडी लिलावात जाते. घेणारा ती धुतो, वायरिंग बदलतो, आतला कपडा बदलतो आणि शक्य तितक्या लांब नेऊन विकतो. यात बेकायदा काही असेलच असं नाही. गाडी दुरुस्त करून विकायला बंदी नाही. फक्त 'ही गाडी पाण्यात होती' असं वाहनच्या पडद्यावर कुठंच येत नाही. त्यासाठी रकानाच नाही.

तरी तारखा म्हणजे पुरावा नव्हे. विमा चुकून बंद पडतो, माणूस आजारी पडतो, २०२० सालात तर सगळ्यांच्याच तारखा विस्कटल्या. म्हणून मी काकांना म्हटलं, गाडी इथं आणा. आणली. माझ्या ओळखीच्या मिस्त्रीनं पाना हातात घेतला नाही की बॉनेट उघडलं नाही. तो मागच्या सीटवर जाऊन बसला आणि सीटबेल्ट ओढत गेला, ओढत गेला, पार शेवटपर्यंत. जो भाग रोज कधी बाहेर येत नाही तिथं पट्ट्यावर एक फिकट तपकिरी रेघ होती, आणि तिच्या खालचा भाग बोटाला पिठासारखा लागत होता. पुढचे दोन्ही पट्टे मात्र कोरे करकरीत होते, नवे बसवलेले. मागचे बदलायचा कुणी खर्च केला नव्हता. मिस्त्रीनं बोट पुसलं आणि म्हटलं, "गाळ हाय."

मला वाटलं, संपला विषय. काका जरा वेळ गाडीकडं बघत राहिले आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "मग किती कमी करायला लावू?" ती गाडी त्यांनी आणखी घासाघीस करून घेतली. अजून चालते, मधूनमधून काच वर-खाली होत नाही म्हणतात. तेव्हापासून मी कुणाला 'घेऊ नका' म्हणायचं सोडलं. माणसाला काय घेतोय ते कळलं पाहिजे. पुढं त्याचं तो बघेल. पण ती साठ हजारांची सूट जी त्याला आधी नशीब वाटत होती, तिचं कारण त्याला आता ठाऊक असतं, आणि पुढं तो ती गाडी दुसऱ्याला विकेल तेव्हा त्यालाही तोंड लपवावं लागेल किंवा सांगावं लागेल.

पुराच्या गाड्या म्हणजे सांगली-चिपळूणकडच्याच असा मात्र समज नको. २०२२ च्या जुलैत आमच्याच तालुक्यात कुरुंद्याला गावात पाणी शिरलं होतं. कितीतरी मोटारसायकली त्यात बुडाल्या. त्या काही भंगारात गेल्या नाहीत.

विम्याच्या कागदावरचा दुसरा धागा म्हणजे नो क्लेम बोनस. वर्षभर दावा केला नाही तर पुढच्या वर्षी स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात २० टक्के सूट, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. दावा केला की शून्य. त्यामुळं एकाच मालकाकडं सहा-सात वर्षं असलेल्या गाडीच्या पॉलिसीवर बोनस शून्य दिसला की मी विचारतो, काय झालं होतं? दार ठोकलं असेल, काच फुटली असेल, नाहीतर पुढचा अर्धा भाग नवा असेल. ९० दिवसांच्या वर विमा खंडित राहिला तरी बोनस जातो, तेही लक्षात ठेवावं लागतं. आणि हा बोनस माणसाचा असतो, गाडीचा नसतो. नवीन मालकाकडं आली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. म्हणून तिसऱ्या-चौथ्या मालकाच्या गाडीत ही युक्ती लंगडी पडते. गाडी जितकी हात बदलते तितका तिचा माग पुसट होतो, आणि काही गाड्या त्याचसाठी हात बदलतात.

आता चासी नंबरचं सांगतो, कारण माझ्या मते सगळ्या तपासणीत हाच भाग लोक सगळ्यात कमी करतात आणि तोच सगळ्यात स्वस्त आहे. ॲपवर तुम्ही जो नंबर टाकता तो पाटीवरचा. पाटी दोन स्क्रूंवर असते. चोरीच्या गाडीला त्याच मॉडेलच्या, त्याच रंगाच्या खऱ्या गाडीचा नंबर लावला, की वाहनमध्ये सगळं स्वच्छ दिसणार, कारण ती माहिती दुसऱ्याच गाडीची आहे आणि ती खरीच आहे. म्हणून मी पाटी वाचत नाही, पत्रा वाचायला लावतो. चासी नंबर कुठं बॉनेटखालच्या आडव्या पत्र्यावर, कुठं ड्रायव्हरच्या सीटखाली, जीप-ट्रकला चाकाजवळच्या चासीवर ठोकलेला असतो. ग्रीस पुसायचं, त्यावर पातळ कागद धरायचा आणि शिसपेन्सिल आडवी घासायची. अक्षरं कागदावर उमटतात. आरटीओच्या फाइलला हा ठसा तसाही लागतोच. मी तो व्यवहाराच्या आधी मागतो एवढंच.

सतरा अक्षर-आकडे असतात. त्यात आय, ओ आणि क्यू ही तीन इंग्रजी अक्षरं कधीच नसतात, एक-शून्याशी गल्लत होऊ नये म्हणून. पहिल्या तिघांवरून कंपनी कळते. मारुतीचा एमए३, टाटाचा एमएटी, ह्युंदाईचा एमएएल. ठोकलेली अक्षरं एका रांगेत, एका खोलीची असतात. हातानं ठोकलेली असली की एखादा आकडा जरा तिरका, एखादा जास्त खोल, आणि आजूबाजूचा पत्रा घासून चकचकीत केलेला किंवा नुसता त्याच तुकड्यावर रंग मारलेला. हे डोळ्यांना दिसतं, बोटाला जास्त कळतं.

मग शेवटचे पाच आकडे. परिवहनच्या संकेतस्थळावर कुठलीही सेवा उघडायची तर गाडीच्या नंबराबरोबर चासीचे शेवटचे पाच आकडे टाकावे लागतात. मी ते आरसीवरून टाकत नाही, ठशावरून टाकतो. जुळले तर पुढचं पान उघडतं. नाही जुळले तर मशीन काही कारण सांगत नाही, नुसतं नकार देतं. असा नकार आला की आधी आकडा वाचण्यात गफलत झाली का ते बघायचं, तीन आणि आठ चुकतात. पुन्हा नकार आला तर गाडी आणणारा माणूस बहुधा फोनवर बोलत बोलत बाहेर गेलेला असतो.

चोरीच्या नोंदीसाठी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची 'वाहन समन्वय' नावाची यादी आहे. देशभरातल्या पोलीस ठाण्यांत चोरीची फिर्याद झालेल्या गाड्या त्यात येतात आणि जुनी गाडी घेणाऱ्याला तिथून ना-हरकतीचा कागद काढता येतो. ही सोय असून वापरणारे फार थोडे. मी प्रत्येक परराज्यातल्या गाडीला तो काढतो.

परराज्याचं निघालंच आहे तर दिल्लीच्या गाड्यांबद्दल बोललं पाहिजे. राष्ट्रीय हरित लवादानं दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना मज्जाव केला, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तोच निकाल कायम ठेवला. तिथं कवडीमोल झालेल्या मोठमोठ्या डिझेल गाड्या मग ट्रेलरवर चढून दक्षिणेकडं निघाल्या. मराठवाड्यात त्यांना मोठं गिऱ्हाईक. दारात उभी राहिली की वीस लाखांची वाटते, आणि मिळते चार-पाच लाखांत. एका पोरानं अशीच एक बघितली होती. विकणारा सांगत होता, "एनओसी आहे, काळजी कामाची नाही." नंबर टाकला तर खरंच एनओसी निघालेली होती. फक्त ती हिंगोलीच्या नावानं नव्हती. उत्तरेतल्या एका राज्यातल्या एका जिल्ह्याच्या कार्यालयाच्या नावानं होती, आणि तीही जुनी. एनओसी ज्या कार्यालयाच्या नावानं निघते तिथंच गाडी चढते. म्हणजे ही गाडी दिल्लीच्या हिशोबातून गेलेली, त्या दुसऱ्या जिल्ह्यात पोचलेली नाही, आणि उभी होती आमच्या झिरो फाट्याच्या रस्त्याला. कागदावर ती कुठंच नव्हती. तो पोरगा म्हणाला, "पण दिल्ली पाटीवरच फिरवू की." बारा महिन्यांच्या वर गाडी दुसऱ्या राज्यात राहिली की तिथला नंबर घ्यावा लागतो, आणि नंबर घ्यायचा म्हणजे महाराष्ट्राचा टॅक्स भरायचा, हे सांगितल्यावर त्यानं हिशोब केला. हा टॅक्स लोक भावात धरतच नाहीत. त्यानं ती घेतली नाही. दुसऱ्या कुणीतरी घेतली असणार. महिन्याभरात तिथून हलली.

ट्रॅक्टरची गोष्ट निराळी. तिथं चोरी क्वचित, बोजाची भानगड फार. "हप्ते निल झालेत हो, पावत्या घरी आहेत." असतीलही. पण वाहनमध्ये फायनान्सवाल्याचं नाव तसंच असतं, कारण कर्ज फिटणं आणि बोजा उतरणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसऱ्यासाठी फायनान्सचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओत जावं लागतं, आणि त्या पत्राला साधारण तीन महिन्यांची मुदत असते. शेतकऱ्यानं ते पत्र आणलं, देवघरात ठेवलं, झालं. दहा वर्षांनी ट्रॅक्टर विकायची वेळ येते तेव्हा पत्र मुदतबाह्य, शाखा हललेली, कधी कंपनीच दुसरीत विलीन झालेली. आमचा हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झाला. त्याआधीचे ट्रॅक्टर एमएच २२ चे. त्यांतले काही तर वाहनमध्ये सापडतच नाहीत. जुन्या रजिस्टरातून माहिती संगणकात चढवायची राहून गेलेली. त्याला 'बॅकलॉग' म्हणतात, आणि मूळ आरसी बुक असल्याशिवाय ते काम हलत नाही. नंबर टाकल्यावर 'माहिती उपलब्ध नाही' आलं म्हणून ट्रॅक्टर खोटा ठरत नाही, हेही सांगावं लागतं.

आतापर्यंत घेणाऱ्याचंच बोललो. पण माझ्या दुकानात सगळ्यात पडलेल्या चेहऱ्यानं येतो तो विकणारा. नोकरीतून निवृत्त झालेले एक गुरुजी, मोटारसायकल विकून टाकलेली, बाँडवर लिहून घेतलेलं: 'आजपासून या गाडीशी माझा संबंध नाही.' दोन साक्षीदारांच्या सह्या, नोटरीचा शिक्का. घेणाऱ्यानं नावावर करून घेतली नाही. विमाही संपू दिला. गाडी पुढं आणखी दोघांच्या हातात गेली आणि तिसऱ्यानं एकाला उडवलं. मोटार अपघात दाव्याची नोटीस आली ती गुरुजींच्या घरी. "मी तर विकलीय हो," असं ते मला तो बाँड दाखवत म्हणत होते, जणू मी न्यायाधीश आहे.

नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०१८ मध्ये हे स्वच्छ सांगून ठेवलंय: नोंदणी ज्याच्या नावावर, तो मालक, गाडी पुढं कितीही हातांतून गेलेली असो. जखमी माणसानं मालकांची साखळी शोधत फिरायचं का, हा त्यामागचा विचार, आणि तो मला पटतो. गुरुजींना पटणं अवघड होतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणं विकणाऱ्यानंही १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, गाडी परराज्यात गेली तर ४५ दिवसांत. घेणाऱ्याला ३० दिवस. आमच्याकडं समज असा की नावावर करणं ही घेणाऱ्याची गरज. म्हणून तो खर्च टाळतो आणि विकणारा विसरून जातो. मी आता विकणाऱ्यालाही सांगतो, महिन्याभरानं स्वतःचा जुना नंबर ॲपवर टाकून बघा. मालकाचा क्रमांक एकानं वाढला का? नसेल वाढला तर लगेच या.

जुन्या गाड्यांच्या दलालांसाठी केंद्रानं डिसेंबर २०२२ मध्ये नियम केले, १ एप्रिल २०२३ पासून लागू. दलालानं आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचं आणि गाडी त्याच्या ताब्यात आली की तसं पोर्टलवर कळवायचं. मग विकेपर्यंत तोच मालक धरला जातो. गुरुजींसारख्यांसाठी याहून चांगला नियम नाही. पण तो शहरातल्या शोरूमला सोपा. आमच्याकडचा दलाल म्हणजे एक फोन, एक मोकळा प्लॉट आणि सही करून कोरे ठेवलेले नावबदलीचे २९-३० नंबरचे फॉर्म.

एक दुखणं आमच्या धंद्याचंही आहे. वाहनमध्ये मालकाचा मोबाइल नंबर लागतो आणि कितीतरी गाड्यांना तो शोरूमचा, दलालाचा किंवा एजंटाचा आहे, कारण फाइल भरताना ते सोपं पडतं. ओटीपी त्याच्याकडं जातो, चलनाचे मेसेजही त्याच्याकडं जातात. मालकाला कळत नाही आणि पुण्या-मुंबईत फिरलेल्या गाडीवर चलनांचा ढीग साचतो. घेणाऱ्यानं महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावर नंबर आणि चासीचे आकडे टाकून बघावं. मी एका गाडीवर एवढी चलनं बघितली की ती प्रिंट काढायला मालकानंच नको म्हटलं.

लोकांना सगळ्यात जास्त जे हवं असतं ते मात्र कुठंच मिळत नाही: गाडी किती किलोमीटर फिरली. मीटर मागं घ्यायला लॅपटॉप आणि एक केबल पुरते. बेल्जियममध्ये २००६ पासून 'कार-पास' आहे. प्रत्येक गॅरेजनं गाडी आली की मीटरचा आकडा एका मध्यवर्ती नोंदवहीत कळवायचा, आणि जुनी गाडी विकताना त्या आकड्यांचं प्रमाणपत्र देणं सक्तीचं. अमेरिकेत पुरात बुडालेल्या किंवा विमा कंपनीनं सोडलेल्या गाडीच्या मालकीपत्रावरच तसा शेरा येतो, आणि राज्याराज्यांतल्या या नोंदी एकत्र करणारी यंत्रणा १९९२ च्या कायद्यानं उभी राहिली. आपल्याकडं विमा कंपन्यांकडं दाव्यांची माहिती आहे, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडं मीटरचे आकडे आहेत, वाहनमध्ये मालकी आहे. घेणाऱ्यापर्यंत यातलं शेवटचंच पोचतं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारलं तर कधी सांगतात, पण फुकटच्या सर्व्हिसा संपल्या की आमच्याकडची गाडी तिथं जातेच कुठं?

माहिती खुली करा म्हणणं मात्र जपून करावं लागतं. पूर्वी ॲपवर मालकाचं पूर्ण नाव दिसायचं. तेव्हा एक पोरगा स्कूटीचा नंबर घेऊन आला होता, "नाव आन् गाव सांगा फक्त." गाडी घ्यायचीय का विचारलं तर लाजला. हाकलून दिला. आता नावाची मधली अक्षरं फुल्यांनी झाकलेली असतात, आणि वाहनची माहिती कंपन्यांना ठोकात विकण्याचं २०१९ चं धोरणही सरकारनं २०२० मध्ये मागं घेतलं. घेणाऱ्याला मालकाचं नाव आरसीशी जुळवायला जरा त्रास होतो, होऊ द्या. मूळ आरसी, मालकाचं आधार आणि मालक स्वतः, तिघं समोर असले की फुल्यांची अडचण होत नाही. मालक समोर येत नसेल तर तीच मोठी माहिती. आणि व्हॉट्सॲपवर 'आरटीओ चलन' नावाची फाइल आली तर ती उघडू नका, हे मी येईल त्याला सांगतो. त्या फाइलीनं खातं रिकामं झालेली माणसंही शेवटी माझ्याकडंच येतात, जणू ती मीच पाठवली.

अलीकडं दलालांनाही हे सगळं कळलंय. गिऱ्हाईक नंबर टाकून बघणार, मग आपणच का दाखवू नये? आता गाडीच्या फोटोबरोबर वाहनच्या पडद्याचा फोटोही पाठवतात, 'ऑल क्लियर' असं खाली लिहून. परवा आलेल्या एका फोटोत विम्याची ओळ होती, पीयूसी होती, ॲक्टिव्ह तर होतंच; मालकाचा क्रमांक आणि फायनान्सची ओळ जिथं यायला हवी तिथं फोटो कापलेला. दुसऱ्या एकात सगळं पूर्ण होतं, फक्त फोनच्या कोपऱ्यातली तारीख चार महिन्यांपूर्वीची. मी घेणाऱ्या दादांना म्हटलं, नंबर सांगा, आत्ता टाकतो. त्यांनी सांगितला. सर्व्हर डाऊन होता. म्हटलं, मग बयाणा उद्या द्या.